साग की कंपोझिट? आधी फळीखाली बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माहीमला सातव्या मजल्यावर फ्लॅट, त्याला लागून १८ बाय १० फुटांची उघडी गच्ची, तोंड पश्चिमेला, समोर समुद्र. डेक करायचाय, म्हणजे फळ्यांची जमीन. शोरूमवाला म्हणतो कंपोझिट, म्हणजे भुसा-प्लास्टिकची फळी घ्या, ‘झिरो मेंटेनन्स’. सासरे म्हणतात सागाशिवाय दुसरं लाकूड घरात येणार नाही. घरात दोन लहान मुलं, आणि आई दर मे महिन्यात तिथेच वाळवण घालतात. कुणाचं ऐकायचं?

मी बावीस वर्षं मुंबईत गच्च्या-बाल्कन्यांची लाकूडकामं करतोय. या काळात जे डेक उखडायला गेलो, त्यांतल्या बहुतेकांची वरची फळी बरी होती. खालचा पिंजरा, म्हणजे फळ्या ज्यावर बसतात ती फ्रेम, कुजलेला, स्क्रूची डोकी गंजून उडालेली, नाहीतर सहाव्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये ओल उतरलेली. म्हणून साग की कंपोझिट याच्या आधी मी खालचं विचारतो. सासऱ्यांना थोडा धीर धरायला सांगा.

मुंबईतल्या बहुतेक गच्च्यांवर वीटतुकड्यांचा कोबा असतो, आपण ब्रिकबॅट म्हणतो तो. त्याला पाणी जायच्या जाळीकडे ढाळ असतो, साधारण शंभराला एक, आणि कठड्याच्या कडेने गोलसर वाटा फिरवलेला असतो. या कोब्यात एकही भोक पाडू द्यायचं नाही. मिस्त्री म्हणेलच, ‘चार रावल प्लग मारतो, फ्रेम हलायची नाही.’ फ्रेम हलणार नाही हे खरं, पण पुढच्या पावसाळ्यात खालचे शेजारी सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊन तुमच्या दारात उभे असतील. उंची कमीजास्त करता येणारे प्लास्टिकचे पाय मिळतात, त्यांना पेडेस्टल म्हणतात. त्यांच्यावर फ्रेम नुसती टेकते आणि ढाळ तसाच ठेवून वरची पातळी सरळ करता येते. मात्र सगळी फ्रेम एकमेकांत बांधून एकसंध हवी. एकात एक अडकवायच्या सुट्या डेक-टाइल्स सातव्या मजल्यावर, समुद्रासमोर लावू नका. जूनमधल्या पहिल्या वादळी वाऱ्यात त्या कडेने उचलल्या जातात, आणि खाली रस्ता आहे.

काम सुरू करण्याआधी जाळी बंद करा आणि गच्चीत दोन-तीन इंच पाणी भरून दोन दिवस ठेवा. खालच्या घरात जाऊन छत बघा. ओल दिसली तर आधी वॉटरप्रूफिंग, मग डेक. हा क्रम चुकला तर दोन्ही खर्च पुन्हा करावे लागतात. जाळीच्या वर दोन बाय दोन फुटांचा एक चौकोन उचलता येईल असा ठेवा. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या शहरात पानं, पिशव्या, कबुतरांची पिसं तिथे जाऊन बसतातच. पाणी आठ-दहा दिवस तुंबलं की डेंग्यूचा डास तयार. पालिकेचे लोक पावसाळ्यात गच्च्या तपासायला येतात, ते डेकखाली बॅटरी मारून बघतात.

वजनाची काळजी लोक चुकीच्या जागी करतात. एक इंची सागाची फळी चौरस मीटरला साधारण १६ किलो भरते, फ्रेम धरून वीस-बावीस. कंपोझिट त्याहून जड. चढण्याजोग्या गच्चीच्या स्लॅबवर भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला १५० किलोचा वापरभार धरतात, त्यात हे बसतं. बसत नाही ती डेकनंतर सुचणारी हौस: कडेने फूटभर मातीचे वाफे. फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास. तसा बेत असेल तर सुताराच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि सोसायटीचं पत्र घेऊन ठेवा.

आता पिंजरा. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा वर्सोव्याला एका गच्चीवर अस्सल जुन्या सागाचा डेक केला. फळ्या एकसारख्या, मधाळ रंगाच्या, हात फिरवत राहावं अशा. पैसे फळीत गेले, म्हणून खाली लोखंडी चौकोनी पाइप रेड ऑक्साइड मारून टाकला आणि झिंकचे पिवळे स्क्रू वापरले. दुसऱ्या पावसाळ्यात प्रत्येक स्क्रूभोवती काळी टिकली उमटली. सागातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळी शाईच तयार होते. चौथ्या वर्षी गृहिणींनी फोन केला की एका कोपऱ्यात पाय टाकला की डेक ‘उसासा टाकतो’. उचलून बघितलं तर पाइपाचे पापुद्रे हातात आले. फळ्या मात्र ठणठणीत. त्या सोडवल्या, दोन-तीन मिलिमीटर रंधा मारला, पालथ्या केल्या आणि माझ्या खर्चाने अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर पुन्हा बसवल्या. आजही आहेत.

तेव्हा फळी कुठलीही घ्या, तुमच्या गच्चीला अॅल्युमिनियमच्या सेक्शनची फ्रेम आणि ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू. ३०४ नाही. शहरात आत, मुलुंड-ठाण्याकडे ३०४ चालून जातं. माहीमच्या खाऱ्या वाऱ्यात त्यावर चहाच्या डागासारखे तपकिरी डाग येतात आणि पुढे बारीक खड्डे पडतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. दिसायला दोन्ही सारखे, आणि चुंबक लावून हा फरक कळत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. एवढ्या गच्चीला स्क्रूंच्या भावातला फरक एकूण खर्चात दिसतसुद्धा नाही, पण मिस्त्री वाचवायला जातो तो नेमका तिथेच.

शोरूमवाल्याकडे येऊ. कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, बहुधा पॉलिथिलीन किंवा पीव्हीसी, गरम करून साच्यातून दाबून काढलेलं. जुन्या पद्धतीच्या मालात भुसा थेट पृष्ठभागावर उघडा असायचा. तो पाणी पितो, त्यावर काळे ठिपके धरतात, रंग विटतो. नव्या मालावर प्लास्टिकचं आवरण चढवलेलं असतं, त्याला कॅप्ड म्हणतात. काही बोर्डांना आवरण वर आणि कडांनाच असतं, पोट उघडं. मुंबईत खालूनच जास्त ओल येते, म्हणून चारही बाजूंनी आवरण असलेला घ्या. आतून पोकळ बोर्ड स्वस्त आणि हलका पडतो, पण टेबलाचा पाय नेमका पोकळीवर आला की दबतो, आणि टोकांना टोपी निसटली की आत पाणी आणि झुरळं. तुम्हाला भरीव.

एक घोळ आधीच टाळा. मुंबईच्या बाजारात ‘डब्ल्यूपीसी’ (वुड-प्लास्टिक कंपोझिट) या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू विकतात. किचनच्या कपाटांना आणि बाथरूमच्या चौकटीला वापरतात तो पांढरट-पिवळा हलका बोर्ड पीव्हीसीचा फोम असतो. तो उन्हात डेक म्हणून टिकत नाही. ‘डब्ल्यूपीसीच आहे, भाव बघा की’ म्हणून तोच गळ्यात बांधणारे भेटतात. नमुना हातात घेऊन बघा, डेकचा बोर्ड चांगला जड लागतो.

तो नमुना घरी आणा. विळीने नाही, सुताराकडून करवतीने वीतभर तुकडा कापून घ्या, म्हणजे आतला भाग उघडा पडेल. किचनच्या वजनकाट्यावर तोला, आकडा पेन्सिलीने त्याच्यावरच लिहा, बादलीत विटेखाली दाबून आठवडाभर बुडवून ठेवा. बाहेर काढून पुसा, पुन्हा तोला, आणि कापलेल्या कडेवर नखाने खरवडा. वजन जेमतेम वाढलं आणि कड घट्ट असेल तर माल बरा. कड फुगून भुसा नखात येत असेल तर कॅटलॉगमधलं आयुष्य विसरा. सागाचा तुकडाही शेजारी ठेवा, तो पाणी पिईल आणि वाळेलही. कंपोझिटने एकदा प्यायलं की ते सावकाश सुटतं, हा खरा फरक आहे.

दुसरी परीक्षा आईंकडून. गडद तपकिरी, राखाडी आणि फिका वाळूच्या रंगाचा असे कंपोझिटचे तीन तुकडे आणि एक साग, भर दुपारी दोन वाजता गच्चीत ठेवा. तासाभराने अनवाणी पाय ठेवून बघायला सांगा. मे महिन्याच्या उन्हात गडद कंपोझिट साठ अंशांच्या वर जातं, पाय टेकवत नाही. लाकूडही तापतं, पण ते उष्णता पायाला हळू देतं. पश्चिमेची गच्ची म्हणजे चारच्या सुमारास ऊन तिरपं आत येणार. मुलं शाळेतून येऊन धावणार ती त्याच वेळी. कुरडया तिथे झकास वाळतील हे खरं, पण त्या घालायला गेलेल्याचे तळवे भाजतील.

तापण्याचा दुसरा परिणाम जास्त महागात पडतो. कंपोझिट लांबीत वाढतं, आणि लाकडापेक्षा जवळजवळ दहापट वाढतं. पवईत एका डेकचं काम डिसेंबरमध्ये झालेलं, मी केलेलं नव्हतं. २४ फूट लांबी, बोर्ड एकमेकांना आणि कठड्याला चिकटवून, ‘फट राहिली तर बरं दिसत नाही’ म्हणून. हिशेब करा: सकाळी वीस अंशांत बसवलेला बोर्ड मे मध्ये साठ अंशांवर जातो. चाळीस अंशांच्या फरकाला २४ फुटांत सुमारे १२ मिलिमीटर वाढ. जायला जागा नाही. मधल्या ओळींनी नागासारखी फणी काढली होती आणि एका टोकाला कठड्याची टाइल तडकली होती. त्याच लांबीत साग जेमतेम एक मिलिमीटर वाढला असता. तुमच्या १८ फुटांत हाच आकडा नऊ मिलिमीटर येतो. म्हणून कठड्यापाशी आणि जोडांवर कंपनीने सांगितलेली फट सोडायचीच, आणि फ्रेमच्या रीपा एक-एक फुटावर. सागाला सोळा इंच चालतात. शोरूमच्या कोटेशनमध्ये फ्रेम वेगळी लिहिलेली असते, तिथे हा फरक दिसेल.

साग याच्या उलट. लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतो. मुंबईच्या कोरड्या हिवाळ्यातली फळी पावसाळ्यात चार इंचांच्या रुंदीला दीड-दोन मिलिमीटर फुगते. हिवाळ्यात बसवणार असाल तर पाच मिलिमीटर फट ठेवा, ऑगस्टमध्ये ती साडेतीनवर येईल. रुंद फळी श्रीमंत दिसते म्हणून सहा इंची मागू नका, ती पन्हळीसारखी वाकते. चार इंच पुरे.

पण ‘साग’ म्हणजे काय हे सासऱ्यांना विचारा, कारण कस लागतो तो गाभ्याचा. बाहेरच्या पांढऱ्या भागात, ज्याला आम्ही नुसतं पांढरी म्हणतो, किडीला आणि बुरशीला अडवणारं काही नसतं. एकाच फळीत तपकिरी आणि पांढरा पट्टा असेल तर पांढरा तीन-चार पावसाळ्यांत जातो. आजकालचा लवकर वाढवलेला, परदेशी लागवडीचा साग बाजारात खूप आहे, त्यात पांढरी जास्त आणि रेषा सैल. चंद्रपूर-बल्लारशाकडचा साग घ्या, महाग आहे पण माल आहे. माझी पहिली पसंती मात्र जुन्या लाकडाला. गिरगाव-लालबागच्या चाळी पडतात तेव्हा त्यांच्या तुळया रे रोड, दारूखान्याच्या बाजारात येतात, त्यांत शंभर वर्षं वाळलेला बर्मा साग निघतो. चिरून बघेपर्यंत आतले खिळे दिसत नाहीत, करवतीची पाती जातात, म्हणून गिरणीवाला जास्त पैसे मागतो. द्या.

सासऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा मीच देतो. मुंबईच्या गोदीत वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याने सागात बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. पण मधल्या काळात त्याची भरपूर डागडुजी झाली हेही त्यांना सांगा. साग टिकला, कारण तो दुरुस्त करता येतो आणि कुणीतरी तो करत राहिलं.

खरेदीचा हिशेब स्वतः करा, रुपये मी लिहीत नाही, भाव दर महिन्याला हलतो. लाकूड घनफुटात मिळतं. १८० चौरस फुटांना एक इंच तयार जाडी हवी तर चिरलेली फळी सव्वा इंची लागते, म्हणजे पावणेएकोणीस घनफूट. पांढरी, गाठी, कापाकापी यांना पंधरा टक्के धरा, साडेएकवीसच्या घरात जाल. त्याला त्या दिवशीच्या भावाने गुणा, चिरकाम आणि रंधा वेगळा. कंपोझिट चौरस फुटाच्या भावाने मिळतं. क्लिपा, कडेच्या पट्ट्या आणि कोपरे भावात आहेत का ते विचारा, सहसा नसतात. शिवाय पाच-सहा जादा बोर्ड घेऊन माळ्यावर टाका. हा माल कंटेनरने येतो, चार वर्षांनी तीच खाच आणि तोच रंग मिळेलच असं नाही. सागाची एक फळी कुठलाही सुतार कधीही करून देईल.

‘झिरो मेंटेनन्स’बद्दल. कंपोझिटला तेल लागत नाही, एवढंच. खाचांत धूळ आणि शेवाळ बसतं, पावसाळ्यात महिन्यातून एकदा ब्रशने घासावंच लागतं, नाहीतर दोन्ही फळ्या सारख्याच घसरड्या. त्यातही बारीक खाचांची बाजू खाली घाला, उठावदार रेषांची वर. दिवाळीत भुईनळ्याची ठिणगी पडली तर सागावर काळा ठिपका राहतो, पॉलिशपेपरने जातो. कंपोझिटवर वितळून खड्डा पडतो आणि आवरणाखालचा रंग उघडा होतो, त्याला इलाज फळी बदलणं. सातव्या मजल्यावर शेजारच्या पोरांची रॉकेटंही येतात.

सागाला वर्षातून दोनदा बाहेरच्या लाकडाचं तेल, एकदा मे अखेर आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास. कापडाने लावायचं, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसायचं. १८० फुटांना दोन माणसांची एक सकाळ. तेलाच्या चिंध्या गोळा करून पिशवीत भरून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मगच टाका. वार्निश किंवा पॉलिश अजिबात नको. त्याचा पापुद्रा उन्हात फुटतो, खाली पाणी शिरतं आणि मग सगळं खरवडत बसावं लागतं. तेल लावलंच नाही तरी चांगला गाभा कुजत नाही, फक्त चंदेरी राखाडी होतो. मला तो रंग आवडतो. बहुतेक गिऱ्हाइकांना आवडत नाही, आणि लाकूड ‘खराब झालं’ म्हणून फोन येतात.

बाकीची लाकडं थोडक्यात. ईपे पोलादासारखं टणक, पण ब्राझीलकडचं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कागदपत्रांचं बंधन आलंय. कागद नीट दाखवणाऱ्याकडूनच घ्या. भट्टीत भाजलेलं अॅश हे परदेशी लाकूड दिसायला सुंदर, हलतं कमी, पण ठिसूळ होतं, स्क्रूआधी भोक पाडावंच लागतं. साधा पाइन नको. आमच्या कुडाळकडे पडव्यांना किंजळ आणि फणस वापरायचे. फणसाचा गाभा बाहेर चांगला टिकतो, पण मुंबईत सरळ लांब फळ्या मिळवणं कठीण.

तुमच्या गच्चीबद्दल विचारलंत तर मी साग लावीन. कारण पश्चिमेचं ऊन आणि अनवाणी पाय. तेल लावायला घरातलं कुणीतरी खरंच उठणार आहे का, हे आज रात्री जेवताना ठरवा. कुणीच हात वर केला नाही आणि राखाडी रंगही चालणार नाही, तर फिक्या रंगाचा, भरीव, चारही बाजूंनी आवरण असलेला कंपोझिट घ्या, आणि दुपारी वर येईल अशी एक कनात लावून टाका. अर्धी गच्ची साग आणि अर्धी कंपोझिट असं काही करू नका. दोघांची हालचाल वेगळी, जोडावर दर वर्षी ठेच लागेल.

काम दिवाळीनंतर काढा. लाकूड आणून गच्चीतच, रीपांवर रचून, वरून झाकून, बाजू मोकळ्या ठेवून दोन-तीन आठवडे राहू द्या. बसवण्याआधी प्रत्येक फळीला सहाही बाजूंनी तेल, विशेषतः कापलेल्या टोकांना दोन हात. टोकातून फळी पाणी पिते, आणि एकदा बसली की तिथे ब्रश जात नाही.